बकुळाच्या अंगात काय आलं होतं

बकुळा परब देवी झाली ती चाळीच्या नळावर. गौरी-गणपती नुकतेच होऊन गेले होते. सकाळचं पाणी आलं होतं, बायकांची तोंडं नळापेक्षा जोरात सुरू होती, आणि बकुळा कळशी भरून वळली तोच तिचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. घामाच्या धारा लागल्या. तिनं कळशी दाणकन खाली ठेवली, पदर ओढून काढला आणि "वारो घाला गो, वारो!" म्हणत भिंतीला टेकली. तिचा अंबाडा सुटला. घाम पुरता सुकलाही नव्हता तोच अंगावर शहारा आला आणि ती लटलटा कापायला लागली.

दादरच्या एखाद्या पांढरपेशा बिऱ्हाडात हे घडलं असतं तर कुणी कांदा फोडून नाकाशी धरला असता, कुणी डॉक्टरला बोलवायला धावलं असतं. पण ही लालबागची चाळ, आणि दुसरा मजला अख्खा तळकोकणातला. तिथं बाई लाल झाली, केस मोकळे सुटले, अंग कापलं, की त्याचा अर्थ शोधत बसायची गरज कुणाला वाटत नसे. खालच्या मजल्यावरची एक बाई काही बोलायला तोंड उघडत होती, पण तिच्या आधी कमळाकाकी पुढे झाली. कमळाकाकी म्हणजे मजल्याची वडीलधारी. विधवा, वाळकी, आणि आवाज असा की मिलचा भोंगा परवडला. तिनं हातातल्या बालदीतलं पाणी बकुळाच्या पायांवर ओतलं, बालदी टाकली आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं ओरडली, "सातेरी इली गो! बकुळाच्या आंगात सातेरी इली!"

झालं. कमळाकाकी बोलली म्हणजे ते झालंच. शिवाय बकुळा माहेरची घाडी. तिचा बाप गावच्या देवळात सातेरीदेवीला कौल लावायचा, गाऱ्हाणं घालायचा, हे सगळ्या मजल्याला ठाऊक होतं. बापाच्या रक्तातली देवी लेकीच्या अंगात उतरली, यात नवल कसलं? दुपारपर्यंत खोलीत नारळांचा ढीग लागला. संध्याकाळी नवरा राजाराम मिलमधल्या कापड विणायच्या साच्यांवरून सुटून घरी आला, तर त्याच्याच दारात चपलांची रांग, आणि आत त्याची बायको पाटावर बसलेली, तोंड कसनुसं करून.

बकुळा तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होती. देवी म्हणजे काय ते तिनं लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. बापाच्या अंगात वारं यायचं तेव्हा तो तिचा बाप राहत नसे; आवाज वेगळा, नजर वेगळी, आणि नंतर त्याला काही आठवत नसे. बकुळाला मात्र सगळं आठवत होतं. कळशीला पडलेला पोचासुद्धा. आणि आणखी एक गोष्ट तिला ठाऊक होती, जी तिनं कुणाला सांगितली नव्हती. गेल्या उन्हाळ्यापासून तिला कावळा शिवायचा पुढेमागे व्हायला लागला होता, आणि आता तर बंदच झाला होता. तेव्हापासून ही आग अंगात पेटत होती. पण असलं काही चारचौघांत बोलायची पद्धत नव्हती. नवऱ्याशीही नव्हती. मग बाई गप्प बसते, आणि ती गप्प बसली की लोक आपापल्या सोयीचं समजतात.

बकुळा गप्प बसली. पहिल्या दिवशी संकोचानं, आणि खरं सांगायचं तर नंतर थोडी सुखानंही. ती मिलच्या वाइंडिंग खात्यात कामाला होती. कांडीवरचं सूत शंकूसारख्या कोनावर भरायचं, आणि धागा तुटला की चुटकीसरशी गाठ मारायची. तिची गाठ अशी की पुढे कापडात शोधून सापडायची नाही. पण या अंगाच्या आगीनं तिची बोटं घामेजायची, झोप न झाल्यानं डोळ्यांपुढे सूत हलायचं, आणि जिथं तिचा हात सगळ्यांत जलद चालायचा तिथं तिचेच धागे लोंबू लागले होते. खात्याचा मुकादम, जॉबर, रोज काहीतरी टाकून बोलायचा. देवीची बातमी खात्यात पोचली आणि त्याच जॉबरनं तिला लांबूनच हात जोडले. त्या दिवशी बकुळाला हसू आवरेना. शेजारच्या मशीनवर रखमा होती, तिच्याच मजल्यावरची, पोटुशी पोर. ती भाबडेपणानं म्हणाली, "मावशी, देवी हसतासा काय गो?"

राजारामचं तर बोलायलाच नको. हा माणूस दिवसा साचे चालवायचा आणि संध्याकाळी मुंबई महाराष्ट्रात आणायचा. सभा म्हणू नका, प्रभातफेरी म्हणू नका, राजाराम परब हजर. घोषणा देऊन देऊन त्याचा घसा कायमचा बसला होता. देवी आपल्या घरी आली ती याच कामासाठी, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. त्यानं सुताराकडून बकुळासाठी नवा पाट करून घेतला. दर मंगळवारी लोक येऊ लागले. "मुंबई आपल्याक मिळतली काय?" असं विचारू लागले. बकुळा नुसती डोळे मिटून बसायची. घाम आला की लोक म्हणायचे, देवी 'हो' म्हणाली.

पण मशीन कुणाच्या भक्तीवर चालत नाही. धागे तुटतच राहिले. एका दुपारी कोन भरता भरता तिला रडू फुटलं, कशाचं ते तिचं तिलाच कळेना, आणि नंतर घरी राजारामच्या ताटात तिनं आमटी अशी आदळली की त्याच्या धोतरावर नक्षी उठली. बिचारा "देवी कोपली" म्हणून पुटपुटला आणि धोतर बदलून आला. तेव्हा बकुळाला स्वतःचीच भीती वाटली. आपण कोण होत चाललोय? रविवारी मिल बंद. "दादराक जावन येतंय," एवढंच सांगून ती निघाली आणि विचारत विचारत पद्मजाबाईंच्या दवाखान्यात जाऊन बसली.

डॉक्टर पद्मजाबाई बायकांच्या डॉक्टर. पांढरं पातळ, केसांत रुपेरी झाक, बोलणं पुणेरी पण मन मोकळं. त्यांनी बकुळाला तपासलं, बरंच काही विचारलं, आणि ज्या गोष्टीसाठी बकुळाच्या जिभेला इतके महिने कुलूप लागलं होतं तिचं नाव त्यांनी हवापाण्यासारखं घेतलं.

"बकुळाबाई, तुमचा विटाळ बंद झालाय, त्याचं हे सगळं आहे. बाईच्या शरीरात एक रस तयार होत असतो, हॉर्मोन म्हणतात त्याला. या वयात तो आटतो. अंगाला ते कळायला वेळ लागतो, म्हणून ही आग, हा घाम, रडू, चिडचिड. रोग नाही हा."

"जायत मां पण?" बकुळानं विचारलं.

"जाईल. कुणाचं वर्षात जातं, कुणाला चार वर्षं लागतात. नुसतं सोसायचं नसेल तर गोळ्या आहेत. तोच रस बाहेरून द्यायचा."

"तो बाहेरसून खयसून हाडतत?"

पद्मजाबाई म्हणाल्या, "दोन तऱ्हा आहेत. एक कारखान्यात रसायनांपासून करतात. दुसरा नैसर्गिक म्हणतात तो. परदेशात गाभण घोड्या पाळतात आणि त्यांच्या मुतातून तो काढतात."

बकुळा इतकी मोठ्यानं हसली की बाहेर बसलेल्या बायका आत डोकावल्या. "अवो बाई, सुवेर फिटला की आमी घरात गोमूत्र शिंपडतो. गायीचा चलता, मग घोडीन काय पाप केल्यान?"

पद्मजाबाईही हसल्या. पण लगेच त्यांनी समोरचा पेला बाजूला सरकवला आणि म्हणाल्या, "हसा, पण पुढचंही ऐका. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असं समजू नका. कण्हेरही निसर्गातच उगवते. या गोळ्यांनी घाम थांबेल, झोप लागेल. पण पुन्हा अंगावरून जाऊ शकतं, छातीत गाठबीट होत नाही ना ते बघत राहावं लागेल. पुष्कळ वर्षांनी काय होतं ते अजून आम्हालाही नीट ठाऊक नाही. घ्यायच्या तर थोड्या घ्यायच्या, थोडे दिवस घ्यायच्या, आणि माझ्याकडे येत राहायचं."

"आणि नाय घेतल्यो तर?"

"तर काही बिघडत नाही. सैल कपडे, गार पाणी, चहा कमी. ठाकूरद्वारचे वैद्य शतावरी देतात, ती घेऊन बघा. कुणाला बरं वाटतं, पण वाटेलच असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. ठरवायचं तुम्ही. अंग तुमचं आहे."

हे शेवटचं वाक्य बकुळाला आजवर कुणी ऐकवलं नव्हतं. ती दादरहून लालबागपर्यंत चालत आली आणि वाटभर तेच घोळवत राहिली. अंग माझं. मग त्यात देवी आली की वय आलं, हे कमळाकाकीनं का ठरवायचं?

घरी येऊन तिनं राजारामला पुढ्यात बसवलं आणि सगळं सांगितलं. विटाळ, रस, घोडी, सगळं. तीस वर्षांच्या संसारात नवराबायको पहिल्यांदाच हे बोलत होती. राजाराम खाली मान घालून ऐकत होता. बायकोला त्रास होतोय हे ऐकून त्याचा चेहरा खरंच उतरला. माणूस वाईट नव्हता, नुसता भारलेला होता. त्यानं टोपी हातात फिरवली. मग अगदी काकुळतीला येऊन म्हणाला, "घे गो गोळये, मी नाय म्हनतंय काय? पन मोर्चो होयसर थांब. मुंबई गावली की मग घे. तवसर देवी ऱ्हवांदे."

बकुळाला हसावं की त्याच्या टाळक्यात लाटणं घालावं ते कळेना.

ते पंचावन्न सालचे नोव्हेंबरचे दिवस होते. गिरणगाव नुसतं धगधगत होतं. संप पुकारला होता, फोर्टात असेंब्लीवर मोर्चा जायचा होता, आणि पोलीस बंदुका घेऊन उभे राहणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मोर्चाआधीच्या मंगळवारी कमळाकाकीनं जाहीर केलं की आज देवी कौल देणार. दिवेलागणीला बकुळाच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. गॅलरीत माणसं, जिन्यावर माणसं. धूप एवढा की डोळे चुरचुरत होते. बकुळा मनाशी म्हणाली होती की नेहमीसारखं गप्प बसू आणि वेळ मारून नेऊ. गोळ्यांचं काय ते मागाहून बघू.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत रखमा पुढे आली. तिच्या मागे तिचा नवरा दगडू, कार्डिंग खात्यातला, उंचापुरा, हसरा गडी. रखमानं बकुळाच्या पायांवर डोकं ठेवलं. पोट सांभाळत खाली वाकताना तिला किती कष्ट पडले ते बकुळाला दिसलं.

"आये," रखमा म्हणाली. मशीनवरची मावशी आज आई झाली होती. "ह्यो मोर्चात फुडे चलतलो म्हनता. झेंडो घेवन. तू सांगशीत तसा. जा म्हनशीत तर मी आडवी येवचंय नाय. तेका काय होवचा नाय, इतक्या फक्त सांग."

राजारामनं कोपऱ्यातून डोळ्यांनी खूण केली: सांग. आणि नेमकी त्याच वेळी ती आग पोटातून उसळली. मान, गाल, कान, सगळं पेटलं. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरला. बायकांनी हात जोडले. दगडू विश्वासानं तिच्याकडे बघत होता. एक शब्द पुरे होता. 'जा', एवढंच. त्या शब्दावर हा पोरगा छाती काढून बंदुकीसमोर उभा राहिला असता, कारण त्याला वाटलं असतं की देवी पाठीशी आहे. आणि पाठीशी कोण? तर बकुळा परबिणीचा आटलेला विटाळ!

तिला बाप आठवला. कौल लागला नाही तर तो गावकऱ्यांना स्पष्ट सांगायचा, देवी बोलत नाही, घरी जावा. देवीच्या तोंडात आपला शब्द त्यानं कधी घातला नाही.

बकुळा पाटावरून उठली. पदरानं घाम पुसला.

"रखमा, वर बघ. ही देवी नाय. मी बकुळा. माझो विटाळ बंद झालो, तेच्यान ह्या होता. डॉक्टरनीकडे जावन इलंय मी. माझ्या आंगात सातेरी कधी येवकच नाय. इली आसती तर मी तिचे पाय धरले आसते. पन तिच्या नावान खोटा माका सांगूचा नाय."

विटाळ हा शब्द, भर सभेत, पुरुषांसमोर! आधी गॅलरीतले पुरुष हलले. कुणाला बिडी ओढायची आठवण झाली, कुणाला घरचा दिवा. बघता बघता बाप्ये पांगले. कमळाकाकी काळीठिक्कर पडून भिंतीशी उभी होती. तीही निघून गेली. बायका मात्र हलल्या नाहीत. एकजण हळूच म्हणाली, "माका पन तशीच आग जाता गो. मी म्हनलंय, पित्त." दुसरी म्हणाली, "माका वाटला, क्षय."

रखमा अजून खालीच बसली होती. "मगे मी काय करू?" तिनं विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

बकुळा तिच्याजवळ खाली बसली. "माका ठावक नाय, बाय. तुका नि माका सारख्याच ठावक. गोळी कोनाक लागतली ता देव जाने. दगडू, जातलंस तर बायकोचा तोंड बघून काय ता ठरव. देवीचा नाव घेव नको."

दगडूनं बायकोकडे पाहिलं. झेंडा त्यानं दुसऱ्याला दिला, पण मोर्चाला गेला. बकुळाही गेली, राजारामच्या शेजारून, घाम पुसत पुसत. फ्लोरा फाउंटनला त्या दिवशी काय झालं ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. धावपळीत दगडू जमावाच्या मागच्या बाजूला होता म्हणून निभावला. खांद्यावर लाठीचा वळ घेऊन परतला. सगळी घरं इतकी सुदैवी नव्हती. रखमा बकुळाच्या गळ्यात पडून रडली तेव्हा तिच्या तोंडून पुन्हा 'मावशी' आलं.

त्यानंतर कमळाकाकीनं बकुळाशी बोलणं टाकलं. नळावर तोंड फिरवायची. बकुळाला वाटलं, म्हातारीचा मान गेला, म्हणून राग. मग एका दुपारी काकी आपण होऊन आली, दार लोटलं आणि पाठ करून बसली. तिनं चोळीची गाठ सोडली. पाठीवर कातडी चुरगळलेले, जुने, काळे डाग होते, खांद्यापासून कमरेपर्यंत.

"तुझ्या वयाची होतंय तवा," काकी म्हणाली. तिचा तो भोंग्यासारखा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "माका आशीच आग जाय. रडाक येय. सासरचे म्हनाले, झपाटली. भगतान सळी तापवन लावल्यान. त्या दिवशी नळार तू लाल झालंस, तवा ती खालची बाय 'झपाटली' म्हनूक तोंड उघडी होती. म्हनान मी आधी वरडलंय. देवीक कोन डाग देना नाय गो."

जिला बकुळा आढ्यताखोर म्हातारी समजत होती तिनं बालदी टाकून तिला वाचवलं होतं, स्वतःला ठाऊक असलेल्या एकुलत्या एक उपायानं. बकुळानं खोबरेल आणलं, त्या पाठीवरून हळूहळू हात फिरवत राहिली, आणि दोघीजणी पोटभर रडल्या.

गोळ्यांचं बकुळानं शांतपणे ठरवलं. आधी शतावरी घेऊन पाहिली. चव बरी होती, आग तशीच राहिली. मग पद्मजाबाईंकडे जाऊन पुन्हा सगळं विचारून घेतलं आणि त्या घोडीच्या गोळ्या थोड्या दिवसांसाठी सुरू केल्या. राजाराम स्वतः प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिस्टकडून बाटली घेऊन आला, टोपी कपाळावर ओढून, पण आणली. बकुळानं ती ट्रंकेत लपवली नाही. देवाच्या फळीवर, कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवली. झोप लागू लागली, बोटं कोरडी राहू लागली, जॉबर पुन्हा हात न जोडता बोलू लागला. पुढे तब्येत सावरली तशा डॉक्टरीणबाईंच्या सल्ल्यानं तिनं त्या बंद केल्या. मधूनच आग यायची. तेवढी ती सोसायची. मजल्यावरच्या बायका एकेक करून तिच्याकडे यायच्या आणि रविवारी ती त्यांना दादरला घेऊन जायची. कुणी गोळ्या घेतल्या, कुणी नाही. बकुळानं कुणाला आग्रह केला नाही. 'अंग तुझा, तू ठरव,' एवढंच ती सांगायची.

साठ सालच्या मे महिन्यात मुंबई मिळाली. चाळीत पेढे वाटले गेले, राजारामचा उरलासुरला घसाही गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळच्या पाण्याच्या वेळी, खालच्या मजल्यावरची तीच बाई नळावर एकाएकी लाल झाली. कळशी सुटली, केस विस्कटले, ती भिंतीला टेकून कापू लागली. एक नवी आलेली सून घाबरून ओरडणार, तेवढ्यात कमळाकाकीनं हातातली बालदी टाकली. आता तिच्या पायांत जोर नव्हता, पण आवाज होता. सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं ती ओरडली, "काय नाय गो, वय झाला तिचा! वारो घाला!"

आणि बकुळा आपला पाट घेऊन जिना उतरू लागली, त्या बाईला बसायला.